सातव्या वाफ्याची वारसनोंद

१. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या कानामागे, कवटीच्या आत, एक गाठ असल्याचे कळले. ती वाढते आहे.

२. ऑपरेशन सोमवार, १९ ऑक्टोबर रोजी ठरले आहे.

३. त्याच सुमारास आमच्या संस्थेने कीटकसंगोपन कक्ष बंद केला. कारण दिले ते प्रकल्पाची मुदत संपल्याचे. कक्षात आता सभागृहाच्या जादा खुर्च्या आहेत.

४. कक्षातील सर्व जिवंत साठा नष्ट करावा, अशी सूचना होती. मी एक वंश सोडून सर्व नष्ट केला. उरलेला वंश लेखी परवानगी घेऊन घरी आणला. परवानगीवर विभागप्रमुखांची सही आहे. त्यांनी ती न वाचता केली, पण सही त्यांचीच आहे.

५. तो वंश सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहे.

६. त्याच्याकडे बघणारे माझ्याशिवाय कोणी नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणी पाहिले नाही तर तो संपेल. हा वंश दुसरीकडे कुठेही नाही.

सबब मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौतीस, अविवाहित, व्यवसायाने कीटकशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, पूर्ण भानावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. गाठ डोक्यात असल्यामुळे "भानावर" या शब्दाला पुढे कोणी हरकत घेऊ नये, म्हणून शल्यविशारदांचा दाखला जोडला आहे. गाठ ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या नसेवर आहे, विचार करण्याच्या भागावर नाही, असे त्यात नमूद आहे. दाखला देताना ते म्हणाले, "तुमचा तोल जाईल, डोकं नाही." हे वाक्य दाखल्यात नाही. धोका किती, हेही त्यांनी सांगितले आहे. तो कमी आहे, पण आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. घर.

दुसऱ्या मजल्यावरील एक खोली व स्वयंपाकघर माझ्या मालकीचे आहे. ते आईला द्यावे. आई माझ्या भावाकडे राहते आणि तिने तिथेच राहावे. इथे जिना चढण्याचा हट्ट करू नये. घर भाड्याने द्यायचे झाल्यास भाडेकरूला आधी सांगावे की स्वयंपाकघरातील टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले आहेत ते मुंग्यांसाठी, आणि भिंतीवरचे चौकोनी डाग चिकट पट्ट्यांचे आहेत, ओलीचे नाहीत. आई इथे शेवटची आली तेव्हा दारातच उभी राहून म्हणाली होती, "एवढं शिकलीस आणि घरात किडे पाळतेस. लोक घरातले किडे घालवायला शिकतात गं." मी तिला खुर्ची दिली. ती आधी झटकून मग बसली.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक.

ती आईला. व्यवहार वहिनीने पाहावा. घरात पावती जपून ठेवणारी ती एकटीच आहे.

कलम तिसरे. हत्यारे व उपकरणे.

(अ) सूक्ष्मदर्शक माझा स्वतःचा आहे, संस्थेचा नाही. तो वहिनी शिकवते त्या शाळेला द्यावा. मुख्याध्यापकांनी तो कपाटात कुलूपबंद ठेवला आणि पाहुणे आल्यावरच बाहेर काढला, तर तो उचलून घरी आणण्याचा अधिकार वहिनीला राहील.

(आ) हातभिंग आईला. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला उपयोगी पडेल.

(इ) बारीक ब्रश, चिमटे व काचेच्या नळ्या पाचव्या कलमाबरोबर जातील.

(ई) तोंडाने ओढून किडे पकडायची नळी कोणालाही देऊ नये. ती अकरा वर्षे माझ्या तोंडात होती. टाकून द्यावी.

कलम चौथे. विभागप्रमुख.

माझ्या शोधनिबंधावर त्यांनी आपले नाव पहिले घातले. तेव्हा ते म्हणाले होते, "वर्णानुक्रम असतो हो." तो नसतो, आणि असता तरी त्यांचे नाव पहिले आले नसते. कक्षातील वातानुकूलन यंत्र मी माझ्या पगारातून बसवले होते, कारण त्यांच्या मते किड्यांना उन्हाळा सोसायला हवा. ते यंत्र मी त्यांना देते. खुर्च्यांना उकडू नये.

कलम पाचवे. सात नंबर.

हे कलम लांब आहे. बाकीची कलमे नसती तरी मृत्युपत्र लिहावे लागलेच असते, ते याच्यासाठी.

सात नंबर म्हणजे ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीचा एक वंश. माशी म्हणायचे एवढेच. ती एका पूर्णविरामावर मावते. ती पतंगाच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते. त्या अंड्यातून अळी निघत नाही, आणखी माशा निघतात. शेतात सोडण्यासाठी अशी अंडी कार्डावर चिकटवून देतात आणि कार्ड पानाखाली टाचतात. यात नवे काही नाही. अडचण अशी की फवारणी झाली की अळीच्या आधी हीच माशी मरते. त्यामुळे शेतकऱ्याला एक तर कार्ड लावता येते, नाही तर पंप पाठीवर घेता येतो. दोन्ही केले तर कार्ड पाण्यात. सात नंबर ही माशी एका विशिष्ट औषधाची फवारणी झालेल्या पानावर जगते आणि काम करते. त्यामुळे चार फवारण्यांच्या जागी एक पुरते. माझी नोकरी, पदवी व शोधनिबंध एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत.

हा वंश कुठून आला, ते इथे नोंदवणे आवश्यक आहे. शोधनिबंधात "अनपेक्षित फवारणीनंतर गोळा केलेले नमुने" असा उल्लेख आहे. अनपेक्षित फवारणी म्हणजे दादा.

दादा, माझा सख्खा मोठा भाऊ, वडिलांच्या मागे त्यांचे शेतीऔषधांचे दुकान चालवतो. तो त्याला औषध म्हणतो, मी विष म्हणते. डब्यावर कवटीचे चित्र असते, तेव्हा वाद तिथेच मिटायला हवा होता. तरी आठ वर्षांपूर्वी मला प्रयोगासाठी जमीन हवी होती, तेव्हा ती त्यानेच ओळखीच्या माणसाकडून मिळवून दिली. दुकानाच्या रस्त्यालगतची होती. मी तिथे टोमॅटोचे दहा वाफे केले. काहींत कार्डे लावली, काहींत फवारणी केली आणि काहींत काहीच केले नाही. हे काहीच न केलेले वाफे म्हणजे प्रयोगाचा कणा. ते किडीने खाल्लेच पाहिजेत, नाही तर बाकीच्या वाफ्यांत किती वाचले ते कळत नाही. हे मी दादाला समजावून सांगितले होते. त्याने मान डोलावली होती. तो गिऱ्हाइकापुढेही अशीच मान डोलावतो.

सातवा वाफा काहीच न केलेल्यांपैकी होता, आणि नेमका रस्त्याला लागून होता. दुकानात येणारा प्रत्येक जण तो बघत येई. "औषधवाल्याच्या बहिणीच्या टोमॅटोत अळ्यांची पंगत बसलीय," असे दुकानात बोलले जाई. "दुसऱ्याला औषध विकतोस आणि घरच्या शेतात हे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." दादा हसण्यावारी नेत असे, असे वहिनी सांगते. पण संध्याकाळी जेवताना तो एक भाकरी कमी खाई.

मी परिषदेसाठी बाहेर गेले होते. परत आले तेव्हा दहाच्या दहा वाफे स्वच्छ होते. दादा बांधावर उभा होता. पंप अजून त्याच्या पाठीवर होता.

"बघ बारके, कसा चमकतोय. एक अळी शोधून दाखव."

"काय मारलंस?"

"दुकानातलं सगळ्यात भारी. काळजी करू नको, तुला बिल नाही लावणार."

"सगळ्या वाफ्यांवर?"

"मग काय, अर्ध्यावर मारून अर्धं सोडू? लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीला देताना हात आखडला."

तो खरोखर खुश होता. हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मला ते दिसले नाही, कारण मी वाफे मोजत होते. तुलना करायला एकही वाफा उरला नव्हता. दोन हंगामांचे काम संपले होते आणि पदवी एक वर्ष पुढे गेली होती. मी त्याला ते सांगितले. तो म्हणाला, "किडे पाळून पोट भरतं का कुणाचं?" मी म्हणाले, "नाही. तुझं मारून भरतं." आणखीही बोलणे झाले. ते कायदेशीर कागदात घालण्याजोगे नाही. आई मध्ये पडली, तेव्हा दोघेही तिच्यावर ओरडलो. एकमत झाले ते एवढेच. त्यानंतर आमचे बोलणे वहिनीमार्फत चालते.

आठवड्याने मी जमीन मोकळी करून द्यायला गेले. पानांना फवाऱ्याचा वास येत होता. बाहेरून आलेल्या पतंगांनी सातव्या वाफ्यात नवी अंडी घातली होती, आणि त्यांतली मोजकी अंडी काळी पडली होती. अंडे काळे पडते ते आत ट्रायकोग्रामा वाढत असली तर. म्हणजे त्या फवारलेल्या पानांवर कोणी तरी जिवंत फिरत होते. वहिनी पिशव्या धरून उभी होती. ती म्हणाली, "सगळ्या मेल्या म्हणालीस ना? मग आता काय वेचतेस?"

"न मेलेल्या," मी म्हणाले.

त्यांच्यापासून, पिढी दर पिढी फवारलेल्या पानांवर सोडून आणि जगतील त्यांनाच पुढे वाढवून, हा वंश तयार झाला. बेरीज-वजाबाकी स्पष्ट आहे. काहीच न करायच्या वाफ्यावर दुकानातले सगळ्यात भारी औषध पूर्ण मात्रेत मारणे ही चूक कीटकशास्त्र शिकलेल्या माणसाकडून होत नाही. मी ते मुद्दाम केले नसते, मला कोणी करू दिले नसते, आणि सात नंबर झाली नसती. याची कल्पना दादाला नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने माझा प्रयोग बुडवला, आणि तेवढेच झाले.

गेल्या महिन्यात, गाठीचे कळवायला मी वहिनीला फोन केला, तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. तीही इथे नोंदवते.

"ताई, हे त्या दिवसापासून ते औषध ठेवतच नाहीत दुकानात."

"का? खप नाही?"

"खप कसला नाही. रोज मागतात लोक. हे सांगतात, संपलंय."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं संपलंय."

हे पाहता मी पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

सात नंबर हा वंश, तो ज्यांच्या अंड्यांवर वाढतो त्या तांदळाच्या पतंगांचे डबे, कार्डे, डिंक, ब्रश, चिमटे, नळ्या व छोटा फ्रिज यांसह, मी दादाला देते.

दुसरा पर्याय मी पाहिला नाही असे नाही. एका प्रयोगशाळेने वंश घेण्यास होकार दिला, पण त्यांची मंजुरी यायला उन्हाळा उजाडेल. एक कंपनी उद्याही गाडी पाठवायला तयार आहे. तिच्या करारात असे आहे की वंश त्यांच्याशिवाय कोणी वाढवायचा नाही. आणि त्यांनी स्वतः वाढवलाच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. त्याच कंपनीचा औषधाचाही कारखाना आहे. मी नको म्हणून कळवले.

दादाला देण्याची कारणे: तो दुकान एकही दिवस बंद ठेवत नाही, आणि माशांनाही सुट्टी चालत नाही. तो हाताने नेमके मोजतो. ज्यांनी ही कार्डे लावायला हवीत ते सगळे त्याच्याच काउंटरपुढे उभे असतात, आणि माझ्या शोधनिबंधापेक्षा त्याचे ऐकतात. शिवाय वंशाच्या उगमात त्याचा वाटा आहे.

अटी पुढीलप्रमाणे आहेत. त्या वगळता येणार नाहीत.

डबे दुकानात किंवा दुकानाच्या गोदामात ठेवायचे नाहीत. वरच्या मजल्यावर, आईच्या खोलीशेजारची रिकामी खोली घ्यावी. सात नंबर एकाच औषधाला दाद देत नाही. दादाच्या बाकी चाळीस डब्यांपुढे ती साधी माशी आहे, आणि तांदळाचे पतंग तर वासानेच जातात. म्हणून दुकानातून वर आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलून मगच त्या खोलीत जायचे. "नुसते हात धुतले तर?" हा प्रश्न तो विचारील. नाही.

पतंगांना भरडलेले धान्य लागते. त्यांच्या पंखांची भुकटी छातीत जाते, तेव्हा मास्क लावायचा. आईला त्या खोलीत झाडू मारू द्यायचा नाही. कार्डावरच्या माशांना नळीच्या आतल्या बाजूने मधाचे बारीक बोट पुरते. थेंब टाकला तर त्या त्यात बुडतात. काळी पडलेली कार्डे फ्रिजमध्ये ठेवून वेळ लांबवता येतो, पण दोन आठवड्यांपलीकडे नाही. बाकी सर्व मी समक्ष दाखवीन. दोन दुपारी पुरतील.

कार्डे तो विकू शकतो. कोणी स्वतः वाढवायला मागितली तर त्याला सुरुवातीचे एक कार्ड फुकट द्यावे. वंश एकाच खोलीत असला की काय होते, ते आपण सध्या पाहतो आहोत.

आणि ते औषध त्याने दुकानात पुन्हा ठेवावे. फवारणी शून्यावर आणणे हे माझे काम कधीच नव्हते. कमी करणे हे होते. सात नंबरबरोबर चालते ते नेमके तेच औषध आहे. अर्ध्या मात्रेत द्यावे. गिऱ्हाइकाला संपलंय म्हणून सांगू नये.

वकीलबाईंनी या कलमाला हरकत घेतली. "मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तुमच्या माशा तोवर थांबतील?"

"नाही."

"मग हे मृत्युपत्र नाही, हे देणं झालं. तुम्ही धडधाकट परत आलात तर?"

"तरी त्या त्याच्याकडेच राहतील."

"मग मृत्युपत्रात कशाला?"

मी म्हणाले, साधे पत्र पाठवले तर तो वहिनीकडे देईल. याच्यावर साक्षीदारांच्या सह्या आहेत म्हटल्यावर स्वतः वाचेल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कलम आहे तसे राहू दिले. त्यामुळे स्पष्ट करते: पाचवे कलम माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. दादाने होकार दिल्या दिवसापासून ते लागू होईल आणि मी वाचले तरी मागे घेतले जाणार नाही.

दादाने नकार दिला, किंवा उत्तर आले नाही, तर गुरुवार, १५ तारखेला मी सर्व डबे व कार्डे स्वतः गोठवून नष्ट करीन. ते कोणाच्या हवाली न करता सोडले तर पतंग इमारतभर होतील. ते याआधी एकदा खाली दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी तक्रार केली नाही. "असू द्या," म्हणाले, "आपला धंदा एकच. मीही किडीवरच जगतो." तरीही त्यांच्या पेशंटच्या उघड्या तोंडाजवळ पतंग असणे बरे नाही.

कलम सहावे. मागून करायचे.

डोळे व कामाचे असेल ते दान करावे. सभा घेऊ नये. घेतलीच, तर कोणी माझा "कीटकांची मैत्रीण" असा उल्लेख करू नये. मी अकरा वर्षे त्यांना मारण्याचेच काम केले. फक्त ते कोणाकडून करून घ्यायचे, एवढे मी निवडले.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले, आणि चार ठिकाणी दुरुस्त केले. दुरुस्तीजवळ आद्याक्षरे आहेत. ज्यांना काही मिळते आहे त्यांपैकी कोणी साक्षीदार नाही.

ठिकाण: माझ्या घरचे स्वयंपाकघर.
दिनांक: शनिवार, ३ ऑक्टोबर.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. (सही) दंतवैद्य, तळमजला. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण भानावर होती. मला सही कुठे करायची ते तिने दोनदा दाखवले.
२. (सही) वकीलबाई. वरीलप्रमाणे. पाचव्या कलमावर माझी हरकत कायम आहे, पण सही करते.

प्रत: दादास, रजिस्टर पोस्टाने, त्याच्या स्वतःच्या नावे.

दादा, पाचवे कलम तुला मान्य आहे की नाही, ते बुधवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळी सहापर्यंत कळव. हो किंवा नाही, एवढे पुरे. वहिनीकडून निरोप नको. तू स्वतः फोन कर. डाव्या कानाने मला नीट ऐकू येते.